घरी येणारी थेरपिस्ट, काम मात्र आपले: काही महिन्यांनंतरचा अनुभव

दोन वर्षांचा होऊनही मोजकेच शब्द बोलणाऱ्या आमच्या मुलासाठी आम्ही शीघ्र हस्तक्षेपाची, म्हणजे विकासात मागे पडणाऱ्या मुलांना लहान वयातच मदत करणारी, घरपोच सेवा घेतली, त्याला आता बरेच महिने झाले आहेत. या पद्धतीत थेरपिस्ट मुलाला घेऊन बसत नाही, खेळण्यांची पिशवीही आणत नाही. मूल सांभाळणाऱ्यालाच ती शिकवते. फी देऊन काम आपणच करायचे, असे सुरुवातीला मनात येते. पण आठवड्यातून तासभर येणाऱ्या व्यक्तीने मुलाला किती बोलते करायचे? बाकीचा सगळा वेळ ते आपल्याजवळच असते.

दिवसभरात नेमके कुठे अडते, हे तिने आधी विचारले. आम्ही कपडे बदलण्याची वेळ सांगितली. एकदा ती काहीही न बोलता नुसती पाहत राहिली आणि मग म्हणाली, पायजमा गुडघ्यापर्यंत चढवून थांबा, ‘वर’ म्हणा आणि मनात पाचपर्यंत मोजत त्याच्याकडे पाहत राहा. पाच सेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटते. मूल चुळबुळत उभे असले की ते संपता संपत नाहीत. त्याने आधी नुसती नजर वर केली, पुढे हात उचलला आणि कितीतरी दिवसांनी ‘वल’ असे उमटले. नजर किंवा हातवारे हेही उत्तरच मानून पायजमा लगेच वर ओढायचा, ही तिची सूचना मला सर्वांत मोलाची वाटते, कारण त्यामुळे थांबणे म्हणजे मुलाची अडवणूक ठरत नाही.

खटकलेलेही सांगतो. दरवेळी ‘तुम्हाला काय वाटले, काय जमले?’ हा प्रश्न दमलेल्या संध्याकाळी नकोसा होतो. काही वेळा सरळ उत्तर द्यावे. तसे बोलून दाखवल्यावर तिने पद्धत बदलली, हे मान्य करायला हवे. खरी त्रुटी वेगळीच होती. दुपारभर मुलाला आजी सांभाळते आणि भेटी संध्याकाळी, त्यामुळे आमच्याकडून ऐकीव सूचना तिच्यापर्यंत अर्ध्याच पोहोचत. ‘अहो, बघतोय की तो, किती ताटकळवायचं?’ असे म्हणून ती मोकळी होई. आता भेटी दुपारी ठेवल्या आहेत आणि थेरपिस्ट आजीशेजारी बसते.

बोलणे उशिरा येत असेल तर श्रवणचाचणी आधी करून घ्यावी. ही सेवा तिला पर्याय नव्हे. गिळताना ठसका लागणाऱ्या मुलांच्या बाबतीतही केवळ पालकांच्या हाती काम सोपवून भागत नाही, तिथे तज्ज्ञाने स्वतः तपासायला हवे.