कॅफिन एकदम सोडावे की हळूहळू?

दिवसाला सहा कप चहाची सवय असताना मी कॅफिन दोनदा सोडून पाहिले: पहिल्यांदा एकदम, आणि काही महिन्यांनी हळूहळू. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात. फरक पडतो तो मधल्या दिवसांत.

जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे रसायन साचत जाते आणि ते आपल्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरील ते पकडणाऱ्या जागांवर, बसले की पेंग येऊ लागते. कॅफिन याच जागा अडवते. रोज तसे होत राहिले की मेंदू ग्राही वाढवतो आणि मग एके दिवशी चहा मिळाला नाही, तर ॲडेनोसिनचा जोर पूर्वीपेक्षा अधिक जाणवतो. ग्लानी, चिडचिड, कामात लक्ष न लागणे हे त्यातूनच येते. शिवाय कॅफिनने आकसून ठेवलेल्या मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोके ठणकू लागते.

एकदम सोडल्यास हा त्रास बहुधा १२ ते २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या दिवसाच्या आसपास शिगेला पोहोचतो आणि २ ते ९ दिवसांत ओसरतो. मुदत ठरलेली असते, हा या पद्धतीचा खरा गुण आहे, आणि ज्यांना चार दिवस सलग सुट्टी मिळते त्यांना ती मानवेलही. मी शुक्रवारी संध्याकाळी पाचचा चहा शेवटचा घेतला. शनिवारी दुपारी जेवताना कपाळ जड झाले आणि रविवारी उजेडही नकोसा झाला, म्हणून घरातल्या डब्यातली डोकेदुखीची गोळी घेतली. अर्ध्या तासात आराम पडला. नंतर पाकिटाची मागची बाजू वाचली तेव्हा वेदनाशामकाच्या खाली ‘कॅफिन ५० मि.ग्रॅ.’ असे छापलेले दिसले, म्हणजे जवळजवळ एक कप चहाच. आराम औषधाने पडला की कॅफिनने, सोमवारचे ठणकणे जुने की नव्याने सुरू झालेले, काहीच कळेना. दोन दिवस सोसलेले सगळे वाया गेल्यासारखे वाटले आणि मंगळवारी मी पुन्हा चहा घेतला. अनेक गोळ्यांत कॅफिन असते, हे मला आधी माहीत असायला हवे होते.

हळूहळू सोडण्यात मुख्य अडचण चिकाटीची आहे. तीन-चार आठवडे हिशेब ठेवावा लागतो आणि कोणाकडे गेल्यावर तो हमखास चुकतो. पण कोणता कप आधी सोडायचा, हे आपल्या हाती राहते. कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे पाचच्या चहातले निम्मे कॅफिन रात्री दहालाही उरलेले असते. म्हणून मी संध्याकाळचा कप प्रथम बंद केला, आणि झोप पहिल्याच आठवड्यात सुधारल्यासारखी वाटली. पुढे दर चार दिवसांनी एक कप कमी केला. एखाद्या दुपारी डोके जड झाले, पण गोळी घ्यावी लागली नाही. प्रत्येकाला असाच अनुभव येईल असे नाही, आणि अर्धशिशी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारलेले बरे.

सकाळचा कप सर्वांत अवघड गेला. तिथे कप तसाच ठेवून चहा पावडर एका चमच्यावरून अर्ध्यावर आणि मग पाव चमच्यावर आणली. आले आणि गवती चहा मात्र पूर्वीइतकाच घातला. शेवटी भांड्यात तेवढेच उरले, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत कपाळाकडे माझे लक्षही गेले नाही.