छोटं प्रायव्हेट लिबरल आर्ट्स कॉलेज की आपल्या राज्याची युनिव्हर्सिटी? पैसे नक्की कशाचे मोजतोय ते बघू

एप्रिल आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत हा वाद ठरलेला. एकीकडे स्वतःच्या राज्याची मोठी स्टेट युनिव्हर्सिटी, दुसरीकडे कुठल्यातरी गावातलं दीड-दोन हजार पोरांचं लिबरल आर्ट्स कॉलेज (एकाच धंद्याचं शिक्षण न देता साहित्यापासून विज्ञानापर्यंत सगळं शिकवणारं, फक्त बॅचलर्सवर भर देणारं), जे लेकीला बघताक्षणी आवडलं आणि ज्याचं नाव नातेवाईकांत एकानेही ऐकलेलं नाही. १ मेच्या आत बहुतेक ठिकाणी डिपॉझिट भरायचं असतं, त्यामुळे घरात डोकी तापलेली.

आधी आकडे घेऊ. कॉलेज बोर्डाच्या २०२४-२५ च्या सरासरीप्रमाणे स्वतःच्या राज्यातल्या पब्लिक युनिव्हर्सिटीची ट्यूशन आणि फी साधारण ११,६०० डॉलर आणि प्रायव्हेटची ४३,३५० डॉलर. राहणं-खाणं-पुस्तकं धरली की वर्षाला अंदाजे ३० हजार विरुद्ध ६३ हजार. विल्यम्स, ॲमहर्स्ट वगैरे वरच्या लिबरल आर्ट्स कॉलेजांचा छापील आकडा तर ९० हजारांच्या आसपास गेलाय. चार वर्षांचा गुणाकार केला की बाबा लोक लॅपटॉप बंद करतात.

पण छापील आकडा फार थोडे लोक भरतात हो. प्रायव्हेट कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांना सरासरी निम्म्याहून जास्त ट्यूशन सोडून देतात, नाव स्कॉलरशिप असलं तरी सरळ डिस्काउंट आहे तो. त्यामुळे तुलना करायची ती तुमच्या घराला पडणाऱ्या नेट प्राइसची, म्हणजे स्कॉलरशिप वजा करून उरणाऱ्या रकमेची. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, २०११ पासून कायद्यानेच ठेवावा लागतो, अर्ज करायच्या आधी अर्धा तास त्याला द्या.

आता इथे खरी गोम आहे. उत्पन्न कमी किंवा मध्यम असेल तर श्रीमंत लिबरल आर्ट्स कॉलेज स्टेटपेक्षाही स्वस्त पडू शकतं, कारण त्यांच्याकडे एंडोमेंटचा, म्हणजे देणग्यांतून साठवून गुंतवलेला पैसा आहे. ॲमहर्स्ट, बोडन, स्वार्थमोर, ग्रिनेल ही मंडळी दाखवलेली पूर्ण गरज (घराला परवडतं ते आणि खर्च यातला फरक) भागवतात, विल्यम्सने तर २०२२ पासून एड, म्हणजे आर्थिक मदतीच्या पॅकेजमधून लोन काढूनच टाकलं. अशा घरातल्या मुलाला तिथे ॲडमिशन मिळाली तर विचार कसला करताय, पाठवा.

पण आपल्यातली बरीच घरं म्हणजे दोघंही आयटीत, घर घेतलेलं, बँकेत थोडं साठलेलं. सीएसएस प्रोफाइल (बऱ्याच प्रायव्हेट कॉलेजांचा मदतीचा फॉर्म) भरलं की बऱ्याच कॉलेजांत घराची इक्विटी, म्हणजे कर्ज वजा जाता घराची किंमतही मोजतात (फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा फॉर्म, राहत्या घराला हात लावत नाही), आणि उत्तर येतं, तुम्हाला गरज नाही. विल्यम्स-ॲमहर्स्टसारखी कॉलेजं मेरिट स्कॉलरशिप (गरज न बघता गुणांवर मिळणारी) देतच नाहीत, म्हणजे फुल पे, सगळी छापील रक्कम खिशातून. या घरांसाठी मधल्या फळीतली कॉलेजं बघण्यासारखी, डेनिसन, वूस्टर, कॅलमझू वगैरे, तिथे मेरिटवर चांगली घसघशीत रक्कम सुटते. एच-४ वरच्या (आईबाप एच-१बी व्हिसावर असलेल्या) मुलांना आणि भारतातून येणाऱ्यांना फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची एड नाहीच, त्यामुळे त्यांचं सगळं कॉलेजच्या स्वतःच्या पैशावर. ॲमहर्स्ट आणि बोडन इंटरनॅशनल मुलांनाही ॲडमिशन देताना गरज बघत नाहीत, पण अशी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

अजून एक बारीक गोष्ट जी ऑफर लेटरवर लिहिलेली नसते. मेरिटची रक्कम बहुतेक ठिकाणी चार वर्षं तेवढीच राहते पण फी दरवर्षी वाढते. समजा खर्च ६० हजार आणि स्कॉलरशिप ३० हजार, आपण मनात १ लाख २० हजार धरतो, पण खर्च दरसाल ४ टक्के वाढला तर चार वर्षांचे होतात जवळपास १ लाख ३५ हजार. आणि ती टिकवायला जीपीए (मार्कांची सरासरी) किती लागतो तेही विचारून घ्या.

बरं, एवढे पैसे देऊन मिळतं काय? मुख्य म्हणजे प्रोफेसर. मोठ्या युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाचं केमिस्ट्री किंवा सायकॉलॉजी तीनशे पोरांच्या हॉलमध्ये होऊ शकतं आणि पेपर तपासणार ग्रॅड स्टुडंट (मास्टर्स-पीएचडी करणारे). छोट्या कॉलेजात ग्रॅड स्टुडंट जवळपास नसतातच त्यामुळे लॅबमधलं काम अंडरग्रॅडच्या वाट्याला येतं, वर्ग पंधरा-वीस जणांचा, विल्यम्समध्ये तर ट्यूटोरियल म्हणून प्रकार आहे ज्यात दोन विद्यार्थी आणि एक प्रोफेसर. पीएचडीकडे जाणाऱ्यांचं प्रमाण कॉलेजच्या आकाराच्या हिशोबाने काढलं तर रीड, स्वार्थमोर, कार्लटन, हार्वी मड ही नावं खूप वर येतात. मात्र ज्या पोराला मागच्या बाकावर बसून गुपचूप ए काढायचाय आणि ऑफिस अवर्सला (प्रोफेसरना भेटायच्या ठरलेल्या वेळेला) कधीच जायचं नाही त्याच्यासाठी हे सगळं वाया. माझ्या मते पैशानंतर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आणि तो आईबापांनी प्रामाणिकपणे सोडवायला हवा.

स्टेटची बाजूही भक्कम आहे. इंजिनिअरिंग, नर्सिंग, अकाउंटिंग हवं असेल तर बहुतेक लिबरल आर्ट्स कॉलेजांत ते नाहीच (हार्वी मड, स्वार्थमोर, स्मिथ, लफायेत असे अपवाद आहेत). करिअर फेअरला कंपन्यांची रांग, कोर्सेसचा ढीग, मेजर बदललं तरी कॉलेज बदलावं लागत नाही. युनिव्हर्सिटीतल्याच हुशार मुलांसाठीच्या ऑनर्स कॉलेजमध्ये जागा मिळाली तर छोटे वर्गही थोडेफार मिळतात.

पगाराबद्दल भांडणाऱ्यांनी स्टेसी डेल आणि ॲलन क्रुगर या अर्थशास्त्रज्ञांचा २००२ चा पेपर लक्षात ठेवावा. ज्यांना सारख्याच कॉलेजांत ॲडमिशन मिळाली होती अशा मुलांची तुलना केली तर जास्त सिलेक्टिव्ह कॉलेजात गेल्याने सरासरी कमाई वाढलेली दिसली नाही, फायदा दिसला तो गरीब घरातल्या मुलांना. तो अभ्यास लिबरल आर्ट्स विरुद्ध स्टेट असा नव्हता, पण नावासाठी लाखभर डॉलर जास्त मोजणाऱ्याने थांबून विचार करावा इतपत आहे.

आणि कॉलेज टिकेल का हेही बघा, गंमत नाही करत. बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज १८५६ पासूनचं, २०२४ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातलं वेल्सही गेलं, तेही दीडशे वर्षांहून जुनं. एंडोमेंट किती, पटसंख्या दरवर्षी घटतेय का, हे सार्वजनिक आकडे आहेत, बघून ठेवा.

मधला रस्ता लोक विसरतात. पब्लिक लिबरल आर्ट्स कॉलेजं असतात, न्यूयॉर्कचं सुनी जेनेसिओ, मेरीलँडचं सेंट मेरीज, मिसुरीचं ट्रुमन स्टेट, मिनेसोटा मॉरिस. आकार छोटा, फी राज्याची.

माझा हिशोब विचाराल तर नेट फरक वर्षाला पाच-सात हजारांचा असेल आणि पोरगी प्रोफेसरला गाठून प्रश्न विचारणारी असेल तर छोटं कॉलेज. फरक तीस हजारांचा असेल आणि तो कर्जातून येणार असेल तर स्टेट, मग कॉलेज कितीही गोड असो. मुलाच्या नावावर फेडरल लोन चार वर्षांत फक्त २७ हजार मिळतं, बाकीचं आईबापांच्या डोक्यावर, आणि जुलै २०२६ पासून पेरेंट प्लस (आईबापांच्या नावावरचं फेडरल लोन) नव्याने घेणाऱ्यांना वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार अशी मर्यादा आहे, त्यापुढे प्रायव्हेट लोन.

डिपॉझिट भरण्याआधी एड ऑफिसला एक मेल नक्की टाका. दुसऱ्या कॉलेजची जास्त पैशाची ऑफर जोडा, नोकरी गेली असेल किंवा दवाखान्याचा मोठा खर्च झाला असेल तर कागद जोडा, आणि पुन्हा विचार करता का म्हणून सरळ विचारा. एकदा डिपॉझिट भरलं की त्यांना आकडा हलवायचं काही कारण उरत नाही.