रंग मारलेलं इंजिन आणि घासलेला नंबर

आमच्या घरी 1998 ची मारुती 800 आहे. पांढरी, कार्बोरेटरवाली. बाबांनी कापसाच्या पैशात थोडी भर घालून घेतली, तेव्हा दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात दुसरी चारचाकी नव्हती. बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, रात्री-बेरात्री यवतमाळच्या मेडिकलला हीच गाडी निघायची. बाबा गेले, गाडी राहिली. ती भंगारात घालायचा विचार घरात कोणाच्याच मनात आला नाही. याच मायेचा फायदा पुढे दोघांनी घेतला.

2023 च्या फेब्रुवारीत रेडिएटरचा पाइप फुटला. काटा वर गेलेला धाकट्या भावाच्या लक्षात आला नाही, तो तसाच पाच-सहा किलोमीटर चालवत आला. या इंजिनचा ब्लॉक, म्हणजे खालचा सांगाडा, बिडाचा असतो; हेड, म्हणजे वरचं झाकण, मात्र अ‍ॅल्युमिनियमचं. तापलं की आधी हेड वाकतं आणि गॅसकेट जाते. निळा धूर तर वर्षभरापासून होताच, म्हणजे पिस्टनच्या रिंगाही संपल्या होत्या.

मिस्त्री आमचे जुने. बाबांच्या वेळेपासून गाडीला दुसऱ्या कोणाचा पाना लागला नव्हता. त्यांनी हेड उतरवलं, बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन फिरतो त्या भोकात, बोट फिरवलं आणि म्हणाले, "भाऊ, हा आधीच पन्नासच्या पिस्टनवर आहे. आता याच्यात काही जीव नाही. माह्या ओळखीचा माणूस आहे नागपूरले, तयार इंजिन भेटते." पन्नासचा पिस्टन म्हणजे बोअर एकदा घासून अर्धा मिलीमीटर मोठा केलेला. मी मान डोलावली. लेथवाल्याला ब्लॉक दाखवावा हे मला सुचलंच नाही, आणि ही माझी पहिली चूक.

नागपूरच्या त्या दुकानात माझ्यासमोर तीन पर्याय ठेवले गेले. पहिला ओम्नीचं इंजिन, दहा हजारांनी स्वस्त. "तोच 796 सीसीचा एफ-आठ-बी, भाऊ, डोळे मिटून बसते." इंजिन त्याच घराण्यातलं आहे हे खरं. पण ओम्नीत ते सीटखाली उभं बसतं आणि मागची चाकं फिरवतं; 800 मध्ये बॉनेटखाली आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. माउंटिंगच्या ब्रॅकेटी, खालची ऑइल पॅन, सायलेन्सरचा पाइप, सगळ्यात फेरफार करावे लागतात. एवढं मला माहीत होतं, म्हणून त्याला नाही म्हटलं. दुसरा पर्याय एमपीएफआयवालं, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं, बारा व्हॉल्व्हचं इंजिन, "एव्हरेज वाढते" म्हणून. त्याला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), अख्खं वायरिंग आणि टाकीत पेट्रोलचा पंप लागतो. नुसतं इंजिन आणून कार्बोरेटरच्या गाडीत ते चालत नाही. तेही सोडलं.

उरलं तिसरं: "रिकंडिशन केलेलं, 800 चंच, सहा महिन्यांची गॅरंटी." आमचं जुनं इंजिन सहा हजारांत त्यांना द्यायचं, आणि वर 26,000 रुपये. दोन आमिषं ओळखली, म्हणून आपल्याला कळतं असं वाटलं आणि तिसऱ्याकडे मी नीट पाहिलंच नाही.

ते इंजिन लोखंडी स्टँडवर चालू करून दाखवलं. वर पेट्रोलची बाटली टांगलेली, बाजूला बॅटरी. पहिल्या सेल्फला सुरू झालं, धूर नाही, आवाज मऊ. आता आठवतं की मी ब्लॉकला हात लावला तेव्हा तो गरम होता. "आत्ताच एका गिऱ्हाईकाले दाखवलं," असं तो म्हणाला. गार इंजिन सुरू होताना जे सांगतं, ते गरम इंजिन लपवतं. शिवाय आत जाड ऑइल आणि वरून धूर दाबायचं औषध भरलं की रिकामं फिरणारं इंजिन तासभर निमूट चालतं. चढावर, चार माणसं बसवून, एप्रिलच्या उन्हात ते चालत नाही. आणखी एक गोष्ट मला खटकायला हवी होती. सगळ्यावर चंदेरी रंग होता. गॅसकेटच्या कडेवर, बोल्टांच्या डोक्यांवर, ऑइल पॅनच्या नटांवरही. इंजिन खोलून, नीट करून, भाग रंगवून मग जोडलेलं असेल तर बोल्टांवर पान्याच्या ताज्या खुणा दिसतात. इथे सगळं एका फवाऱ्यात रंगवलेलं होतं.

पावती मिळाली ती वहीच्या पानावर. त्यावर रक्कम आणि "गॅरंटी 6 म." एवढंच. दुकानाचा शिक्का नाही, इंजिन नंबर नाही.

तीन आठवडे गाडी बरी चालली. मग एप्रिलच्या एका दुपारी शेजारच्या आजींना यवतमाळला नेताना निम्म्या रस्त्यात मागे निळा धूर सुटला आणि गाडी चढ चढेना. आजी मागच्या सीटवर घामाघूम, त्यांचा मुलगा जाणाऱ्या गाड्यांना हात दाखवतोय, आणि मी बॉनेट उघडून उभा. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही. शेवटी एका मालवाहू गाडीवाल्याने त्यांना पोचवलं. आजी बऱ्या झाल्या, ही देवाची कृपा.

दुसऱ्या मिस्त्रीकडे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं. तीन सिलिंडरपैकी दोन साडेदहा-अकराला, तिसरा सहावर. त्याने तिसऱ्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं, तर काटा नऊवर गेला. ऑइल टाकून दाब वाढला तर दोष रिंगा-बोअरचा, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेटचा. हे दहा मिनिटांचं काम नागपूरच्या दुकानातच करून मागता आलं असतं. ऑइलच्या झाकणाखाली बोट फिरवलं तर दुधाच्या सायीसारखा थर हाताला आला, म्हणजे आत पाणीही शिरत होतं. खोलल्यावर ब्लॉकला बाहेरून तडा दिसला, एम-सीलने बुजवलेला आणि त्यावर तोच चंदेरी रंग.

यापेक्षा मोठा धक्का आरटीओत बसला. जूनमध्ये आरसीची मुदत संपणार होती. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावं लागतं, फी तेव्हा, 2023 मध्ये, 5,000 रुपये होती आणि गाडी समोर नेऊन दाखवावी लागते. इंजिन बदलल्याची नोंद कशी करायची हे विचारायला मी आधीच गेलो. तिथल्या साहेबांनी पेट्रोलमध्ये भिजवलेलं फडकं इंजिनवर कोरलेल्या नंबरवरून फिरवलं, टॉर्च तिरपा धरला आणि मला वाकून बघायला लावलं. आकड्यांखालच्या जागेवर ग्राइंडरच्या रेघा होत्या, आणि शेवटून दुसरा आकडा ओळीच्या जरा खाली उतरलेला होता. "हा कंपनीचा पंच नाही. हे कोणत्या गाडीतलं आहे, कागद आहे का?" माझ्याकडे वहीचं पान होतं. चोरीच्या गाडीचं इंजिन बाबांच्या गाडीत बसलं असेल, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

मिस्त्रीकाकांना विचारलं. ते खाली बघत म्हणाले, "दोन हजार भेटले मले, भाऊ. पण नंबरचं खरंच ठाऊक नव्हतं." त्यांच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नागपूरला गेलो तर दुकानदार गॅरंटी नाकारून मोकळा झाला: "तुम्ही खोललं, आता आमची जबाबदारी नाही." पण मागच्या ढिगात आमचा जुना ब्लॉक तसाच पडलेला दिसला, आरसीवरच्या नंबरासकट. सहा हजारांना दिलेला तो ब्लॉक नऊ हजार मोजून परत आणला. अमरावतीच्या लेथवाल्याने बघितला आणि म्हणाला, याला लाइनर (आतून बसवायची नवी नळी) टाकून बोअर पुन्हा स्टँडर्डवर, म्हणजे मूळ मापावर, आणता येतो. लाइनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगा, हेडचं फेसिंग, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सगळं धरून 24,000. हेच फेब्रुवारीत केलं असतं, तर नंबरही आपलाच राहिला असता आणि आरटीओत काही सांगायची वेळच आली नसती. जूनमध्ये आरसी वाढून मिळाली.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि दुकान नागपूरला असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी 1915 या हेल्पलाइनवर बोललो, त्यांनी कागद कोणते लावायचे ते नीट सांगितलं. वकिलांच्या मते पक्कं बिल असतं तर काम सोपं झालं असतं. ऑनलाइन पाठवलेल्या वीस हजारांचा स्क्रीनशॉट आहे, तेवढाच आधार. रोख दिलेले सहा हजार कुठेच दिसत नाहीत.

घासलेल्या नंबराबद्दल पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घेतली. त्यांनी पंचनामा केला आणि पुढचं कळेपर्यंत हलवू नका म्हणून सांगितलं, त्यामुळे ते इंजिन आमच्या गोठ्यात ताडपत्रीखाली आहे. दारव्ह्याकडच्या कोणाला असं इंजिन घ्यायचं असेल तर आधी येऊन ते बघून जा. टॉर्च तिरपा धरला की रेघा लगेच दिसतात.