बागेच्या वाटेला कोणती गाडी: इसुझू व्ही-क्रॉस की स्कोडा ऑक्टाविया?

किनाऱ्याजवळ घर, सड्यावर (कातळाच्या पठारावर) हापूसची कलमं आणि महिन्यातून दोनदा मुंबई नाहीतर पुणे. असा संसार असलेल्याला एकच गाडी परवडत असेल तर डोळ्यांसमोर दोन टोकं येतात. एक पाच माणसं बसवून मागे हौदा असलेली पिकअप. दुसरी भरपूर डिकीची, पण घाटात चालवायला हात शिवशिवतील अशी खालची गाडी.

पिकअपमध्ये इसुझू व्ही-क्रॉस हा सरळ पर्याय आहे. दुसऱ्या टोकाची खरी गाडी म्हणजे वॅगन, सेडानचं छत मागच्या दारापर्यंत लांबवलेली. तिचं मात्र अवघड आहे, कारण आपल्याकडे ती रुजलीच नाही. टाटा इंडिगो मरीना आणि मारुती बलेनो अल्टुरा आल्या आणि गेल्या. व्होल्वोची व्ही ९० क्रॉस कंट्री २०१७ मध्ये आली ती थेट ६० लाखांच्या घरात. म्हणून वॅगनचं काम करणारी, आवाक्यातली गाडी म्हणून ऑक्टाविया धरली आहे. दिसायला सेडान, पण मागचं दार काचेसकट वर उघडतं आणि मागच्या सीट दुमडतात. नेहमीची ऑक्टाविया २०२३ मध्ये बंद झाली, म्हणजे घ्यायची ती सेकंडहँडच.

आमचं मत असं: बागेपर्यंतचा शेवटचा किलोमीटर डांबरी किंवा काँक्रीटचा असेल तर ऑक्टाविया घ्या आणि आंब्याच्या हंगामात पिकअप भाड्याने बोलवा. तो किलोमीटर तांबड्या मातीचा असेल तर व्ही-क्रॉसला पर्याय नाही.

माल नेण्याचं गणित नीट करायला हवं, कारण फसगत इथेच होते. व्ही-क्रॉसचा हौदा साधारण दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद. पण दोन्ही चाकांचे उंचवटे आत आलेले असल्याने तळाशी मोकळी रुंदी त्याहून बरीच कमी मिळते. आंब्याचा नेहमीचा प्लास्टिक क्रेट ५४ बाय ३६ सेंटिमीटरचा. तो आडवा लावला तर खालच्या थरात आठ बसतात, दोन थरांत सोळा. क्रेटसकट एकाचं वजन २२ किलो धरलं तर ३५० किलो झाले. हौदा हे वजन हसत घेईल, पण कागद घेणार नाहीत. खासगी पासिंगच्या व्ही-क्रॉसची भार वाहण्याची मर्यादा इसुझूच्याच व्यावसायिक पिकअपच्या, एस-कॅबच्या मानाने फारच कमी आहे. आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. जे उरेल त्यात बसलेली माणसंही आली. चार माणसं आणि सोळा क्रेट एकाच फेरीत कायद्याने बसत नाहीत, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं हेच विचारते. पांढऱ्या पाटीवर दुसऱ्याचा माल भाडं घेऊन नेणं तर सरळ गुन्हाच. चिऱ्यांचंही तसंच. जांभ्याचा एक चिरा ३० किलोच्या आसपास भरतो, म्हणजे दहा चिऱ्यांतच ३०० किलो. घर बांधायला घेतलं असेल तर बोलेरो पिकअप बोलवा. तिचं १.७ टनाचं मॉडेल यासाठीच आहे, तिच्या कामाशी व्ही-क्रॉसची तुलना करू नये.

ऑक्टावियाची डिकी सीट उभ्या असताना ५९० लिटर आणि सीट पाडल्यावर १,५८० लिटर. आकडा मोठा वाटतो, पण सीट पाडल्यावर तळ सपाट होत नाही, मध्ये पायरी राहते. आधी फळी टाकून ती भरून काढली तर सहाएक क्रेट नीट बसतात. चार-पाच डझन आंब्यांच्या पेट्या पाहुण्यांकडे पोचवायच्या असतील तर एवढं पुरे. मासळी मात्र या गाडीत नेऊ नका. थर्माकोलच्या खोक्यातून बर्फाचं पाणी एकदा डिकीच्या गालिचाखाली उतरलं की तो वास पावसाळाभर जात नाही. हौद्याला पाण्याचा पाइप लावला की विषय संपतो.

हौद्यात आंबा नेताना उन्हाची काळजी घ्या. एप्रिल-मे महिन्यांत उघडा पत्रा दुपारी हात लावू देत नाही आणि ताप बसलेल्या हापूसात साका धरण्याचा (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा) धोका वाढतो. तळाला चार बोटं पेंढा किंवा जाड गोणपाट घाला. वर ताडपत्री ताणताना बाजूने वारा खेळायला वीतभर फट ठेवा. काळी ताडपत्री घट्ट आवळली तर आतला आंबा वाफेवरच निघतो. शक्यतो पहाटे निघा.

आता तो शेवटचा किलोमीटर. व्ही-क्रॉस जमिनीपासून २२५ मिलिमीटर उंच आहे. ऑक्टाविया दीडशेच्या आसपास, आणि तिची स्पोर्टी आवृत्ती आरएस त्याहून खाली. टायरमध्येही फरक आहे: २५५/६० आर १८ या टायरची भिंत १५३ मिलिमीटर उंच, ऑक्टावियाच्या २०५/५५ आर १६ ची ११३. कातळावरून जाताना, किंवा पावसाने धुपून मधेच उभा राहिलेला जांभ्याचा दगड लागताना, खालच्या गाडीला दोन ठिकाणी मार बसतो: पुढच्या बंपरची खालची कड आणि इंजिनचं चेंबर. चेंबर फुटून ऑइल सांडल्यावर दिवा लागेपर्यंत वाट पाहिली तर टर्बोही हातचा जातो. ऑक्टाविया घेतलीच तर चेंबरखाली गार्ड बसवून घ्या, पण ऑइल सोडायच्या बोल्टाला जागा ठेवलेला.

पाण्यातून जाताना साधा नियम: पाणी चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत आलं की ऑक्टाविया थांबवा. चिपळूण-महाडकडे हा प्रश्न पुस्तकी नाही, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं ते सगळ्यांना माहीत आहे. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल मारू नका, ढकलून बाहेर काढा. व्ही-क्रॉसलाही हेच लागू, फक्त तिची वेळ उशिरा येते.

घाटात पारडं पार फिरतं. कुंभार्ली, आंबा, आंबोली, कुठलाही घ्या. १८० पीएसची १.८ टीएसआय (पेट्रोल) ऑक्टाविया वळणाला चिकटून चालते, ओव्हरटेकला वाट पाहायला लावत नाही आणि मागे बसलेल्या मुलांचं पोट ढवळत नाही. व्ही-क्रॉसचं १.९ लिटर डिझेल इंजिन १६३ पीएस आणि ३६० न्यूटन-मीटर देतं, चढाला ते कमी पडत नाही. पण मागे गुंडाळी स्प्रिंगऐवजी पोलादी पाटे आहेत आणि ते ओझ्यासाठी बनवलेले. हौदा रिकामा असला की खड्ड्यावर मागची बाजू उडते, आणि ओल्या वळणावर लवकर गॅस दिला तर मागची चाकं सुटतात. पावसाळ्यात मागच्या आसावर ८०-१०० किलो वाळूची पोती घट्ट बांधून ठेवली तर फरक लगेच कळतो. ओल्या घाटात ४एच (चारही चाकांना जोर, नेहमीच्या वेगासाठी) लावायला हरकत नाही. कोरड्या काँक्रीटवर, विशेषतः गाडी वळवताना, ते काढलंच पाहिजे. पुढच्या-मागच्या चाकांत फरक घ्यायला मध्ये डिफरन्शियल नाही, त्यामुळे गिअर ताणले जातात आणि स्टिअरिंग अडतं. ४एल (चारही चाकांना जोर, हळू पण ताकदीचा गिअर) लावताना गाडी थांबवा, न्यूट्रल करा, मगच खटका फिरवा.

वाडीतल्या गल्लीत दोन्ही बाजूंना गडगे असतात. व्ही-क्रॉसची लांबी पाच मीटरच्या वर आणि वळायला लागणारी त्रिज्या ६.३ मीटर. ऑक्टाविया ४.६७ मीटरची, ५.२ मीटरमध्ये वळते. समोरून एसटी आली तर कोणाला मागे जायला सोपं, हे वेगळं सांगायला नको.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीवर ओहोटीला नीट बघून उतरा. उताराचा खालचा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं आणि बोटीच्या फळीशी कोन तीव्र होतो. ऑक्टाविया तिरकी घातली तर बंपर वाचतो. रिकामी व्ही-क्रॉस टू-व्हीलमध्ये चढताना मागची चाकं फिरवते, इथे ४एच हवंच.

वाळूत कोणतीच गाडी नेऊ नये. वेळास, आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, आणि भरती कोणाच्या फोर-व्हीलसाठी थांबत नाही.

खारा वारा दोघींनाही खातो, पण पिकअपला जास्त जागा देतो. चासीच्या पोकळ पट्ट्या, पाट्यांची टोकं, हौद्याचे सांधे. हौद्यातली पाणी जायची भोकं पातेऱ्याने बुजतात, ती दर आठवड्याला काठीने मोकळी करा. उचलून बसवायचं प्लास्टिकचं अस्तर घेऊ नका, त्याखाली ओल साचून पत्रा गुपचूप सडतो; फवाऱ्याने बसवलेला लेप घ्या. मे महिन्यात पोकळ भागांत मेणाचा फवारा आणि दर पंधरा दिवसांनी खालून गोड्या पाण्याने धुणं, दोन्ही गाड्यांना सारखंच.

ऑक्टाविया बघायला जाल तेव्हा गिअरबॉक्स विचारा. १.८ टीएसआयला सात गिअरची कोरड्या क्लचची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे. घाटातल्या रांगेत ब्रेक न दाबता गॅसवर गाडी तोलून धरली की तो क्लच तापून झिजतो. थंड गाडी चढावर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथरली तर सौदा सोडा. २.० टीडीआयचा (डिझेल) सहा गिअरचा ओला क्लच या बाबतीत जास्त सोसतो. बीएस-६ व्ही-क्रॉसला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी आहे. रोज फक्त दोन किलोमीटर बाजारात जाऊन येणाऱ्या गाडीत तो तुंबतो, आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा तास सलग चालवावी लागते.

गाडी पुरातली नाही ना, हे स्वतः तपासा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ दिसली की समजावं. स्टेपनीचा खड्डा, सीटखालच्या पट्ट्यांचे बोल्ट आणि गालिचाखालचा फोम हाताने दाबून पाहा. विम्याच्या दाव्यांची नोंद मागा. विकणारा ती द्यायला टाळाटाळ करत असेल तर किंमत कितीही उतरवली तरी टोकन देऊ नका.