ठाणे-नवी मुंबईच्या बायबल अभ्यासगटांसाठी: ब्राऊन-ड्रायव्हर-ब्रिग्ज हिब्रू कोश

हिब्रू-इंग्रजी कोश, मूळ प्रकाशन १९०६. घ्यायचा तर स्ट्राँगचे क्रमांक (बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला ठरावीक आकडा) छापलेली हेन्ड्रिक्सन प्रकाशनाची आवृत्तीच घ्या. यात शब्द अक्षरक्रमाने नाहीत, धातूखाली, म्हणजे ज्या मूळ क्रियापदापासून ते बनले त्याखाली, लावलेत. शास्ते १४:८ मध्ये मेलेल्या सिंहासाठी आलेला ‘मप्पेलेत’ म-च्या पानांत शोधलात तर फसाल. तो ‘नाफल’, म्हणजे पडणे, या धातूखाली आहे. क्रमांक हाताशी असला की मागच्या सूचीतून थेट पान गाठता येतं.

हीच मांडणी ‘पेगेर’ (प्रेत) पाहताना मात्र फार उपयोगी पडते. शेजारीच त्याचं क्रियापद दिसतं: १ शमुवेल ३०:१० मध्ये बसोर ओढा ओलांडायला त्राण न उरलेली २०० माणसं. गळून पडण्याची ही छटा कळली की २ राजे १९:३५ मधलं ‘पेगारीम मेतीम’, शब्दशः ‘मेलेली प्रेतं’, उगाच पुनरुक्ती वाटत नाही.

कोशाची खरी परीक्षा नहूम ३:३ वर घ्या. एकाच वचनात हालाल, पेगेर, गेविय्या. तिन्हींना ‘प्रेत’ लिहिलं तर निनवेतला तो भयंकर ढीग भाषेत उरतच नाही. हालाल म्हणजे शस्त्राने भोसकलेला. गेविय्या म्हणजे देह, तो जिवंतही असू शकतो. उत्पत्ती ४७:१८ मध्ये उपाशी मिसरी लोक स्वतःच्या देहाबद्दल हाच शब्द वापरतात. मराठीत ‘वधलेले’, ‘मढी’, ‘देह’ असा क्रम शोभेल. ‘नेवेला’ला सरसकट ‘मेलेलं जनावर’ करू नका: लेवीय ११:३९ ला ते चालतं, पण अनुवाद २१:२३ मध्ये तो टांगलेल्या माणसाचा मृतदेह आहे.

मोठी उणीव यहेज्केल ४३:७ मधल्या ‘पेगेर’ला जाणवते. सीरियातल्या उगारित या प्राचीन नगराचं उत्खनन १९२९ मध्ये सुरू झालं; तिथली भाषा हिब्रूच्या नात्यातली. तिथल्या कोरीव शिळांवर ‘पगर’ हा शब्द सापडला आणि ‘राजांची प्रेतं’ की ‘राजांच्या स्मारकशिळा’ हा वाद उभा राहिला. १९०६ च्या कोशात हे कुठून येणार? या वचनासाठी कोलर-बाउमगार्टनर कोशही उघडा. त्यात शब्द अक्षरक्रमानेच आहेत.

स्वस्त पुनर्मुद्रण ऑनलाइन मागवण्याआधी विक्रेत्याकडून आतल्या पानाचा फोटो मागवा. स्कॅन पुसट असेल तर अक्षराखालचे तीन ठिपके एकमेकांत मिसळतात आणि स्वरच वाचता येत नाही. त्यापेक्षा इंटरनेटवरची मोफत प्रत बरी.