न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरवर फेंडर ट्वीड डिलक्स: रेकॉर्डिंगसाठी कितपत चालतो?

न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर, सगळे म्हणतात तसं ‘नॅम’, हे स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी लिहिलेलं मोफत, ओपन सोर्स प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारा आणि गिटार अ‍ॅम्पचा आवाज देणारा छोटा प्रोग्रॅम. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. आत फक्त एक फाइल लोड करायची जागा, एक आयआर (स्पीकर कॅबिनेट आणि माइकच्या आवाजाची छाप असलेली फाइल) लोड करायची जागा, नॉइझ गेट (शांत जागी गोंगाट बंद करणारा) आणि मोजके नॉब. जुन्या ट्यूब अ‍ॅम्पच्या आवाजासाठी ते कितपत उपयोगी, हे फाइल कोणत्या अ‍ॅम्पची आहे त्यावर ठरतं. फेंडरच्या 1950 च्या दशकातल्या ट्वीड डिलक्ससाठी, म्हणजे 5ई3 सर्किटसाठी, ते फार उत्तम आहे. निराशा होते ती बहुतेक वेळा प्लगइनमुळे नाही, तर इनपुटची पातळी चुकल्यामुळे.

आधी अ‍ॅम्प. 5ई3 1955 ते 1960 या काळात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला बनत असे. पहिली ट्यूब 12एवाय7, फेज इन्व्हर्टरला 12एएक्स7, पॉवरला दोन 6व्ही6, रेक्टिफायर 5वाय3. जेमतेम 12 ते 15 वॅट आणि 12 इंची एकच स्पीकर. नॉब तीन: दोन चॅनेलचे दोन व्हॉल्यूम, दोघांत मिळून एक टोन, आणि आकडे 12 पर्यंत. निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर गेलेल्या सिग्नलचा भाग मागे फिरवून आवाज आवरणारी जोडणी) नाही, पॉवर ट्यूब कॅथोड बायसवर. त्यामुळे स्वच्छ आवाजाची जागा थोडी. व्हॉल्यूम 4 च्या पुढे गेला की सूर फुटायला लागतो, 6-7 च्या पुढे आवाज वाढत नाही, नुसता दाबला जातो आणि जाड होतो.

नॅम सर्किटची नक्कल करत नाही. खऱ्या अ‍ॅम्पमधून तीनेक मिनिटांचा ठरावीक चाचणी सिग्नल पाठवतात, बाहेर आलेला आवाज रेकॉर्ड करतात, आणि न्यूरल नेटवर्कला त्या दोघांमधलं नातं शिकवतात. त्या वेळी नॉब जिथे होते तिथेच कायमचे गोठतात. नेहमीच्या ‘स्टँडर्ड’ मॉडेलला मागचे 4093 सॅम्पल, म्हणजे 48 किलोहर्ट्झवर साधारण 85 मिलिसेकंद, एवढंच आठवतं. ट्रेमोलो किंवा स्प्रिंग रिव्हर्ब असलेल्या अ‍ॅम्पची बोंब होते ती इथेच, कारण ट्रेमोलोचा एक झोका याहून लांब आणि रिव्हर्बची शेपटी त्याहून लांब. 5ई3 मध्ये दोन्ही नाहीत. जोरात झंकारल्यावर रेक्टिफायर दबतो आणि आवाज किंचित बसून पुन्हा वर येतो, ती हालचाल बहुतांशी या 85 मिलिसेकंदांत मावते.

नॉब गोठण्याचा तोटाही या अ‍ॅम्पला कमी जाणवतो. ट्वीड डिलक्स वाजवणारे अ‍ॅम्प एका जागी लावून बाकी काम गिटारच्या व्हॉल्यूमवर करतात. नील यंगच्या 1959 च्या डिलक्सवर तर पायाचं बटण दाबलं की नॉब ठरलेल्या जागी फिरवणारं यंत्र बसवलेलं आहे. तेच काम इथे तीन फाइली करतात: व्हॉल्यूम 3-4 ची, 6 ची आणि 12 ची. तीन असल्या की कोणत्याही गाण्याचं भागतं.

फाइली टोन3000 या साइटवर ढिगाने मोफत मिळतात आणि त्यातल्या बऱ्याच निरुपयोगी असतात. निवडताना आधी पाहायचं ते हे की कॅप्चर (अशी शिकवलेली फाइल) नुसत्या अ‍ॅम्पचं आहे की कॅबिनेट आणि माइकसकट. माइकसकट असेल तर आयआर बंद ठेवा, नाहीतर दोन स्पीकर एकामागे एक लागून रजईखालून आल्यासारखा आवाज येतो. नुसत्या अ‍ॅम्पचं असेल तर ते कोणत्या लोडवर, म्हणजे स्पीकरच्या जागी काय जोडून, घेतलं हे वाचा. निगेटिव्ह फीडबॅक नसल्यामुळे या अ‍ॅम्पचा आवाज स्पीकरच्या इम्पीडन्सप्रमाणे (वेगवेगळ्या सुरांना होणाऱ्या विद्युत विरोधाप्रमाणे) बराच बदलतो. खऱ्या स्पीकरला शंभर हर्ट्झच्या आसपास उंचवटा असतो आणि वरच्या बाजूला चढ. कॅप्चर साध्या रेझिस्टर लोडवर घेतलं असेल तर हे दोन्ही गायब होतात, आणि मग कितीही ईक्यू लावला तरी आवाज सपाटच राहतो. रिअ‍ॅक्टिव्ह लोड (स्पीकरसारखा वागणारा) किंवा खरा स्पीकर जोडून घेतलेलंच कॅप्चर घ्या. वर्णनात कोणता चॅनेल, जंपर केलेला (दोन्ही चॅनेल छोट्या केबलने जोडलेले) होता का, दुसऱ्या चॅनेलचा व्हॉल्यूम कुठे होता हेही लिहिलेलं असेल तर उत्तम. 5ई3 मध्ये न वापरलेल्या चॅनेलचा नॉबही आवाजाचा पोत बदलतो, आणि हे ज्याने लिहिलं आहे त्याने बाकी कामही नीट केलेलं असण्याची शक्यता जास्त. ईएसआर, म्हणजे मॉडेल मूळ आवाजापासून किती चुकतं ते सांगणारा आकडा, दिलेला असतो, तो 0.01 च्या खाली हवा. पण खराब लोडवर घेतलेल्या कॅप्चरचाही ईएसआर झकास येऊ शकतो, त्यामुळे त्या एका आकड्यावर भाळू नका.

आयआर 1×12 ओपन बॅक, जेन्सन जातीच्या स्पीकरचा घ्या. एसएम57 माइक स्पीकरच्या शंकूच्या मध्यापासून थोडा कडेला असलेला आयआर पहिल्यांदा लावून पाहा. 4×12 बंद कॅबिनेटचा आयआर लावला तर खालचा भाग फुगतो आणि ट्वीडची ओळखच जाते.

आता पातळी. गिटार ऑडिओ इंटरफेसच्या (गिटार संगणकाला जोडणाऱ्या डब्याच्या) इन्स्ट्रुमेंट इनपुटलाच लावायची, लाइनला नाही. फेंडरच्या पहिल्या जॅकचा इम्पीडन्स 1 मेगओम असतो आणि इन्स्ट्रुमेंट इनपुट त्याच्या जवळपास असतो, लाइन इनपुट मात्र खूपच खाली असल्याने पिकअपचा तिखटपणा तिथेच मरतो. मग इंटरफेसचा गेन पूर्ण खाली आणायचा. स्कारलेट 2आय2 या इंटरफेसच्या चौथ्या पिढीत इन्स्ट्रुमेंट इनपुटची कमाल पातळी 12 डीबीयू (सिग्नलची विद्युत पातळी मोजायचं एकक) आहे, तिसऱ्या पिढीत 12.5. तुमच्या इंटरफेसचा आकडा माहितीपत्रकात मिळेल. नॅममध्ये गिअरच्या चिन्हावर जाऊन इनपुट कॅलिब्रेशन चालू करा आणि तिथे हा आकडा भरा. गेन वाढवावाच लागला तर जितके डेसिबल वाढवले तितके त्यातून वजा करा: 12 असेल आणि गेन 10 ने वर नेला, तर 2 लिहायचं.

हा पर्याय फाइलमध्ये पातळीची नोंद असेल तरच चालतो. जुन्या फाइलींत ती नसते. पण वर्णनात आकडा लिहिला असेल तर हिशेब हातानेही होतो. कॅप्चर 18 डीबीयूवर घेतलं आणि तुमचा इंटरफेस 12 चा, तर इनपुट नॉब उणे 6 वर. उलट असेल तर अधिक. काहीच माहिती नसेल तर गेन शून्यावर आणि इनपुट नॉबही शून्यावर ठेवून सुरू करा, आणि गिटारचा व्हॉल्यूम 10 वरून 6 वर आणल्यावर सूर मोकळा होतो का ते ऐका. 5ई3 मध्ये तो व्हायलाच हवा. 6 वरही सारखाच चिकट राहत असेल तर इनपुट आणखी खाली.

गेन शून्यावर असताना सिंगल कॉइलची टोकं उणे 20 डीबीएफएसच्या (डिजिटलची कमाल पातळी शून्य धरून) आसपास, हंबकरची उणे 12 च्या आसपास दिसतात. मीटर रिकामं वाटतं म्हणून लोक गेन चढवतात आणि व्हॉल्यूम 4 चं कॅप्चर 9 सारखं वाजायला लागतं. मग ‘हे मॉडेल खरखरतं’ अशी तक्रार. 24 बिटमध्ये उणे 20 ला काही धाड भरत नाही.

नॅमचे बास, मिडल, ट्रेबल हे अ‍ॅम्पचे नॉब नाहीत, मॉडेलच्या नंतर लागणारा साधा ईक्यू आहेत. त्यांनी ड्राइव्ह बदलत नाही, 5 वर ठेवले की ते काही करत नाहीत. हे लक्षात घ्यायचं कारण म्हणजे या अ‍ॅम्पचा प्रसिद्ध दोष. व्हॉल्यूम वर आणि हंबकर लावलेला असला की जाड ई तार फरफरते, नोट उमटण्याऐवजी चिखल होतो. सर्किटमधले कपलिंग कपॅसिटर 0.1 मायक्रोफॅरडचे, म्हणजे सगळा बास पुढे जातो आणि पॉवर ट्यूब त्याखाली गुदमरतात. कॅप्चरमध्ये हा दोषही जसाच्या तसा येतो. मॉडेलनंतर बास कापून उपयोग नाही, फरफर तयार होऊन गेलेली असते. प्लगइनच्या आधी एक ईक्यू टाका, 120 हर्ट्झला 12 डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा हाय पास (त्याखालचा बास कापणारा फिल्टर), आणि आयआरनंतर गरज असेल तर 100 च्या खाली दोन-तीन डेसिबल परत द्या. पॉवर कॉर्ड वाजवणाऱ्यांनी 150 पर्यंत जायला हरकत नाही.

घरघर हा आपल्याकडचा वेगळा विषय. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवे आणि अर्थिंग नसलेला दोन पिनांचा लॅपटॉप चार्जर, तिन्ही सिंगल कॉइलमध्ये 50 आणि 100 हर्ट्झचं गाणं गातात. व्हॉल्यूम 12 च्या कॅप्चरमध्ये कम्प्रेशन इतकं असतं की दोन नोटांमधली घरघर नोटेइतकी वर येते. टेक घेताना चार्जर काढून बॅटरीवर काम करा, रेग्युलेटर बंद करा, आणि गिटार हळूहळू वळवत घरघर कमी होणारी दिशा शोधून तिथेच बसा. नॉइझ गेट हा शेवटचा उपाय, आणि तोही हलका. तो जास्त लावला तर ट्वीडची विरत जाणारी शेपटी कापली जाते, आणि या अ‍ॅम्पची अर्धी गंमत त्या शेपटीत आहे.

रेकॉर्डिंगची मांडणी सोपी आहे. सेशन 48 किलोहर्ट्झवर ठेवा, बहुतेक मॉडेल त्यावरच शिकवलेली असतात. 96 वर गेलात तर प्लगइन आतल्या आत रूपांतर करून 48 वरच चालतं, प्रोसेसरचं काम वाढतं, आवाज सुधारत नाही. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढे सॅम्पल) 64 किंवा 128. 128 सॅम्पल म्हणजे एका दिशेला 2.7 मिलिसेकंद, येऊन-जाऊन ड्रायव्हरसकट साधारण 10 च्या आत राहिलं तर हाताला जाणवत नाही. विंडोजवर इंटरफेस कंपनीचाच एएसआयओ (कमी विलंबाचा) ड्रायव्हर वापरा. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बटण बंद हवं, नाहीतर कोरा आणि अ‍ॅम्पचा आवाज एकत्र येऊन पोकळ ऐकू येतं. प्लगइन ट्रॅकवर टाका, म्हणजे डिस्कवर कोरी गिटारच जाते आणि फाइल नंतर बदलता येते. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये इनपुट एफएक्समध्ये टाकलं तर अ‍ॅम्पचा आवाज छापला जातो, एवढा फरक ध्यानात असू द्या. जुन्या लॅपटॉपवर तीन-चार ट्रॅक झाल्यावर आवाज तुटायला लागला तर झालेले ट्रॅक फ्रीज करा (प्लगइनसकट आवाज तात्पुरता छापून ठेवा).

दोन कॅप्चर एकत्र वाजवायची असतील तर एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका. ज्या बाजूला बास भरतो ती बरोबर. कॅप्चरची तुलना करताना आउटपुट नॉर्मलाइज्डवर ठेवा, नाहीतर जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो.

विकतच्या प्लगइनांशी तुलना करायची तर नॉब फिरवून मधला टप्पा शोधायची सवय असलेल्यांना त्यांत जास्त मजा येईल. फाइली बदलत बसणं कंटाळवाणं आहे आणि गाण्याच्या मध्येच व्हॉल्यूम ऑटोमेट करता येत नाही. पण ठरलेल्या जागेवरचा आवाज आणि बोटाखालचा प्रतिसाद, एवढ्या दोन बाबतींत चांगलं कॅप्चर विकतच्यांच्या मागे राहत नाही. खरा अ‍ॅम्प तर अमेरिकेतच काही हजार डॉलरना जातो, आणि इकडे आणल्यावर 230 व्होल्टवरून खाली उतरवणारा ट्रान्सफॉर्मर वेगळा.

शेवटची एक खटकणारी गोष्ट: प्लगइन सेशनमध्ये फाइलचा फक्त पत्ता ठेवतं, फाइल नाही. फोल्डर हलवला किंवा दुसऱ्या संगणकावर प्रोजेक्ट उघडला की मॉडेल गायब. वापरलेलं कॅप्चर आणि आयआर दोन्हींची प्रत प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकून तिथूनच लोड करा, आणि मिक्सला पाठवताना कोऱ्या ट्रॅकबरोबर अ‍ॅम्पचा छापलेला ट्रॅकही द्या.