जुने वस्तरे साफ करून, पाजवून वापरताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गेले काही महिने माझी रोजची दाढी दोन जुन्या वस्तऱ्यांवर चालली आहे. एक इंग्लंडमधल्या शेफील्डचा, वेड अँड बुचर कंपनीचा, पाचरीसारख्या जाड पात्याचा. दुसरा जर्मनीतल्या झोलिंगेनचा, दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेल्या पातळ पात्याचा. दोन्ही गंजलेले आणि बोथट होते. साफसफाई आणि धार, दोन्ही कामं घरीच केली. इतक्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय: वस्तऱ्याच्या चकाकीवर जेवढा वेळ जातो त्याच्या कितीतरी पट वेळ धार लावायच्या पहिल्या, सर्वात भरड दगडावर जायला हवा.

जुना वस्तरा घेताना मी आधी धारेकडे बघतो, मग पाठीकडे. पात्याच्या मधल्या भागावर काळे डाग असतील तर काही बिघडत नाही. गंजाचे खड्डे धारेलगत असतील तर मात्र तो वस्तरा सोडून द्यावा. धार खड्ड्यापर्यंत झिजली की तिथे बारीक दाते पडतात. पाठ एका टोकाला जास्त घासलेली असेल तर आधीच्या कुणीतरी दगडावर जोर लावलाय असं समजावं. भेग शोधायला पात्यावर नखानं हलकी टिचकी मारावी. नाद स्वच्छ आला पाहिजे. 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असा शिक्का असेल तर वयाचा थोडा अंदाज येतो, कारण अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली कायद्यानंतर तिथे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. माझ्या शेफील्डवर देशाचं नाव नाही. त्यामुळे तो त्याआधीचा असू शकतो, पण एवढ्यावरून खात्री देता येत नाही.

साफसफाई मी हातानंच केली. तेल लावून बारीक सँडपेपर, शेवटी धातूचं पॉलिश. लाल गंज पूर्ण काढला, काळसर छटा राहू दिली. झोलिंगेनच्या पात्यावर सोनेरी मुलाम्याची नक्षी आहे; तिथे पॉलिशचा हातही लावला नाही, कारण तो मुलामा दोन फटक्यांत निघून जातो. फिरत्या चाकावर जिल्हई देणं मला धोक्याचं वाटतं. वस्तऱ्याची धार इतकी पातळ असते की ती क्षणात तापते, आणि साधारण 200 अंश सेल्सिअसच्या वर पोलादाचं पाणी उतरू लागतं, म्हणजे त्याचा कडकपणा कमी होतो. 'दाढीसाठी तयार' म्हणून एका विक्रेत्याकडून घेतलेला तिसरा वस्तरा आरशासारखा लखलखीत होता. त्याला धार लागते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दाढीला ती उतरलेली असते. चाकावर तापल्याचाच हा परिणाम असावा.

आता मुख्य काम. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही टेकतात, म्हणजे कोन वस्तऱ्यातच बसवलेला असतो. पाठ साडेपाच मिलिमीटर जाड आणि पाठीपासून धारेपर्यंतचं अंतर 20 मिलिमीटर असेल तर धारेचा कोन सुमारे 16 अंश येतो. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर इन्शुलेशन टेपचा एक थर लावला तर हा कोन जवळपास एका अंशानं वाढतो, आणि ते चालतं. फक्त पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत टेप तसाच हवा.

पहिला दगड 1000 ग्रिटचा; ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. या दगडावर धारेच्या दोन्ही उतरत्या बाजू टाचेपासून (मुठीकडच्या कडेपासून) टोकापर्यंत एकमेकींना भिडल्या पाहिजेत. धारेवर मार्करची रेघ ओढून दोन-चार हात फिरवले की शाई कुठे उरते ते दिसतं. जिथे शाई उरली तिथे दगड पोहोचलेला नाही. मग भिंगाखाली बघायचं: धारेवर उजेड चमकला तर ती जागा अजून बोथट आहे. हे साधेपर्यंत पुढच्या दगडाला हात लावू नये. 4000, 8000 आणि 12000 चे दगड आधीचे ओरखडे पुसत जातात. न जुळलेली धार ते जुळवत नाहीत. दाढी ओढली जाते, आग होते, तेव्हा लोक आणखी बारीक दगड शोधतात, आणि बहुतेक वेळा दोष 1000 वर राहून गेलेला असतो. दगड सपाट आहे ना, हेही प्रत्येक बैठकीआधी हिऱ्याचे कण बसवलेल्या सपाट प्लेटवर तपासावं.

दोन्ही पात्यांची वागणूक मात्र वेगळी. पाचरीच्या पात्याला दगडावर खूप वेळ लागतो, कारण धातू जास्त घासायचा असतो. खोलगट पातं झटपट तयार होतं, पण जरा दाबलं की वाकतं आणि धार असमान लागते. तिथे वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाएवढाच भार पुरे.

वापरात मला शेफील्ड जास्त आवडला. राठ केसांतून तो शांतपणे, न अडखळता जातो. झोलिंगेन खुळखुळतो; त्या आवाजावरून केस कापला जातोय की नुसता घासला जातोय ते कानाला कळतं, म्हणून नवशिक्याला मी तोच सुचवेन. पातं त्वचेशी साधारण 30 अंशांत धरलं, त्वचा ताणून घेतली, की गालांवर दोघांत फारसा फरक राहत नाही. हनुवटीखाली शेफील्डचं वजन उपयोगी पडतं. वरच्या ओठावर मात्र रुंद पातं अवघड जातं आणि तिथे झोलिंगेन सरस.

दाढीआधी रोज कापडी आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, पातं फिरवतो. एवढ्यावर धार कित्येक आठवडे टिकते. मग ओढ जाणवू लागली की 12000 वर हलके मोजके हात पुरतात. 1000 चा दगड दोघांनाही पुन्हा लागलेला नाही. दाढी झाल्यावर पातं पुसून, मुठीच्या दोन पट्ट्यांमधलं पाणी कापडानं टिपून, उघडंच वाळू देतो. न्हाणीघरात ठेवत नाही.

एक सूचना मुठीबद्दल. झोलिंगेनची मूठ सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची आहे. जुनं सेल्युलॉइड कुजू लागलं की आम्लधर्मी वाफा सोडतं, आणि स्वच्छ केलेलं पातंही त्या वाफांनी गंजतं. शेजारचे वस्तरेही सुटत नाहीत. म्हणून तो शिंगाच्या मुठीच्या शेफील्डपासून दूर, हवा खेळेल अशा जागी ठेवतो आणि पात्यावर खनिज तेलाचा हलका हात फिरवतो. मुठीत धुरकटपणा किंवा बारीक भेगा दिसल्या की खिळे काढून मूठ बदलायची, हे ठरवून टाकलंय.